सुरतेचा चहा आणि औषधाची साक्ष

चहा हे इंग्रजांनी आपल्या गळी उतरविलेले पेय होय, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढ झाली आहे की तिला कोणी पुरावा विचारीत नाही. विसाव्या शतकात चहाच्या व्यापारी मंडळ्यांनी स्टेशनांवर, गिरण्यांत आणि बाजारपेठांत पेले वाटून आपल्याला दूधसाखरेच्या काळ्या चहाची सवय लाविली, एवढ्यापुरती ती खरीही आहे. परंतु आसामच्या रानातील चहाचे झाड 1823 साली इंग्रजांच्या दृष्टीस पडले, त्याच्याही जवळजवळ दोनशे वर्षे आधी तापीच्या काठी सुरतेत चहा पीत असत. आणि तो नुसती तरतरी यावी म्हणून नव्हे, तर औषध म्हणून पीत. आज हाच चहा कॅप्सूलमध्ये कोंबून पुन्हा औषध म्हणून विकला जात आहे, आणि रक्ताचा कर्करोग झालेली माणसे तो मोठ्या आशेने घेत आहेत. या दोन गोष्टींमधील अंतर किती, हे तपासावे असे आम्हांला वाटले.

1638 साली जोहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण सुरतेस येऊन उतरला. होल्स्टाइनच्या ड्यूकने इराणच्या शहाकडे जी वकिलात धाडली होती, तिच्याबरोबर तो इराणात आला आणि तेथून पुढे हिंदुस्थान पाहण्याच्या हौसेने समुद्रमार्गे सुरतेच्या इंग्रज वखारीत पाहुणा झाला. वखारीतील दिनचर्या सांगताना तो लिहितो की रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई. या देशात एतद्देशीय, डच व इंग्रज असे सारेच तो घेत, आणि पोट साफ करणारे व शरीरातील फाजील रस जिरविणारे औषध या नात्याने घेत. त्या काळच्या युरोपीय वैद्यकात रसांचा समतोल म्हणजे आरोग्य अशी कल्पना होती. आपल्या त्रिदोषांशी परिचित असलेल्या वाचकांना ती परकी वाटणार नाही.

त्यानंतर अर्धशतकाने, 1689 मध्ये, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेच्या सफरीस निघाला. मधल्या काळात 1664 व 1670 साली शिवाजीमहाराजांनी हे शहर दोनदा लुटले होते, तरी त्याची श्रीमंती डोळ्यांत भरण्याजोगी होती. ओव्हिंग्टनचे सुरतेच्या सफरीवरील पुस्तक 1696 साली लंडनमध्ये निघाले. त्यात डचांच्या चहाच्या किटलीविषयी तो थोडे थट्टेने लिहितो, कारण ती विस्तवावरून कधी उतरतच नसे. एतद्देशीयांची रीत मात्र तो बारकाईने नोंदवितो. गरम मसाले घालून पाण्यात उकळलेला चहा डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातील मुरडा यांवर चालतो अशी त्याची ख्याती होती. सोबत खडीसाखर घेत, आणि चोखंदळ लोक मुरविलेली लहान लिंबे घेत. हाच आजच्या गुजराती मसाला चहाचा पूर्वज, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मधल्या दोन शतकांचा दुवा आमच्या हाती नाही, म्हणून तो मोह आवरतो. सुरतेहून परतलेल्या या पाद्र्याला चहाची एवढी गोडी लागली की 1699 मध्ये त्याने केवळ चहाच्या गुणांवर एक स्वतंत्र निबंध छापला.

येथे वकिली सवयीने एक भेद करावासा वाटतो. ओव्हिंग्टनने लोकांना चहा पिताना पाहिले, ही त्याची प्रत्यक्ष साक्ष. चहाने मूतखडा जातो, ही त्याने ऐकलेली गोष्ट. आणि तो प्रामाणिक गृहस्थ असल्यामुळे तिला त्याने ख्याती म्हटले आहे, अनुभव म्हटलेले नाही. 1872 च्या पुरावा कायद्याने ऐकीव साक्षीला जो दरवाजा बंद केला, तो 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही बंदच ठेविला आहे. औषधांच्या बाजारात मात्र तो दरवाजा कायम सताड उघडा असतो.

वनस्पतीच्या गुणांविषयी साक्ष कशी द्यावी, याचा एक नमुना आपल्याच समाजाच्या इतिहासात आहे आणि त्याचा सुरतेशी संबंध आहे. डिसेंबर 1691 मध्ये कोचीहून सुरतेकडे निघालेल्या एका डच जहाजावर हेन्ड्रिक व्हान र्‍हीड हा अधिकारी वारला. त्याचा देह सुरतेस आणून मोठ्या इतमामाने पुरण्यात आला. कतारगाम दरवाजाजवळच्या डच दफनभूमीत त्याची भव्य समाधी आहे. हाच तो मलबारचा डच गव्हर्नर, ज्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ सिद्ध करविला. त्याचे खंड 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅमला छापले गेले. या ग्रंथाच्या कामी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोचीचे तीन कोंकणी वैद्य होते, आणि 1675 साली त्यांनी कोंकणी भाषेत, नागरी लिपीत, आपल्या नावांनिशी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडाच्या आरंभी छापलेले आहे. कोंकणीच्या छापील इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे, आणि त्याविषयी अभिमानाने पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष त्यातील निराळ्याच गोष्टीकडे जाते. वनस्पती समोर ठेवून, तिचे नाव व गुण तपासून, ‘हे आम्ही सांगितले’ म्हणून त्यांनी सही केली. चूक निघाली तर कोणाला विचारावयाचे, हे त्या कागदावर स्पष्ट होते.

आता त्या चहाकडे वळू. सुरतेला येणारा माल चीनमधून, बहुधा डचांच्या बटाव्हियावरून येई. ओव्हिंग्टनने आपल्या निबंधात बिंग, सिंग्लो आणि बोहे अशा जाती सांगितल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन हिरव्या चहाच्या. हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा. पान खुडल्याबरोबर वाफेने किंवा कढईत तापविले तर त्यातील रासायनिक बदल थांबतो व हिरवा चहा होतो. ते चुरगाळून हवेत राहू दिले तर काळा होतो. पानातील तुरट द्रव्यांना कॅटेचिने म्हणतात. काळ्या चहात त्यांचे बरेच रूपांतर होऊन जाते, हिरव्यात ती टिकतात. त्यांतील प्रमुखाचे नाव एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट असे लांबलचक आहे, म्हणून डॉक्टरमंडळी त्याला ईजीसीजी म्हणतात. पुढची सारी हकीकत या एका द्रव्याची आहे.

आजचा ग्रीन टी आणि ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टची कॅप्सूल यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये काढलेल्या हिशेबाप्रमाणे हिरवा चहा पिणाऱ्या माणसाच्या पोटात दिवसाकाठी सरासरी 90 ते 300 मिलिग्राम ईजीसीजी जाते, आणि तेही घोटाघोटाने. कॅप्सूलांतून मिळणारी रोजची मात्रा 1000 मिलिग्रामपर्यंत जाऊ शकते, आणि ती एका दमात गिळली जाते. सुरतेच्या वाण्यांचा मसाल्याचा काढा आणि अमेरिकेतील नातलगाने पाठविलेला कॅप्सूलांचा डबा यांना एकच नाव देणे म्हणजे उसाचा रस आणि मळीची दारू यांना एक म्हणण्यासारखे आहे.

रक्ताच्या कर्करोगाशी हिरव्या चहाचा संबंध जोडला गेला तो उगाच नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2004 साली प्रसिद्ध केले की क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे ज्याला डॉक्टर सी.एल.एल. म्हणतात त्या सावकाश वाढणाऱ्या रक्तकर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत ईजीसीजीने मरतात. ही वार्ता बाहेर पडताच काही रुग्णांनी कोणास न विचारता दुकानातून हिरव्या चहाच्या गोळ्या आणून सुरू केल्या. त्याच डॉक्टरांनी अशा चार रुग्णांची हकीकत 2006 मध्ये मांडली. त्यांच्या गाठी किंवा रक्तातील वाढलेल्या पेशी कमी झालेल्या दिसल्या. मग रीतसर परीक्षा झाली. 2009 मध्ये 33 रुग्णांवरील पहिल्या टप्प्याचा आणि 2013 मध्ये 42 रुग्णांवरील दुसऱ्या टप्प्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दुसऱ्या टप्प्यात, अजून कोणतेही उपचार सुरू न झालेल्या, आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांना 2000 मिलिग्रामची मात्रा दिवसातून दोनदा दिली होती. 31 टक्के रुग्णांच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी निदान एक पंचमांशाने घटून तशा टिकल्या, आणि हाताला लागतील अशा गाठी असलेल्या 29 जणांपैकी 20 जणांच्या गाठी निम्म्याने किंवा अधिक कमी झाल्या.

हा निकाल पाहून कोणाही रुग्णाच्या घरी आनंद होईल, आणि आम्ही त्याला भाबडेपणा म्हणणार नाही. पण वाचताना काही गोष्टी सुटू नयेत. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. रोग मुळात मंद होता. देणारे डॉक्टर दर महिन्याला रक्त तपासत होते, आणि औषध प्रमाणित होते. गाठ कमी होणे म्हणजे आयुष्य वाढणे, हे त्यात सिद्ध झालेले नाही. 2014 नंतर सी.एल.एल. वर इब्रुटिनिबसारखी प्रभावी औषधे मान्य झाली आणि चहाचा हा मार्ग मान्यताप्राप्त उपचार कधीच झाला नाही.

याच सुमारास जर्मनीतून दुसरी एक साक्ष आली, आणि साक्षीदार असा की त्याला उलटतपासणीत हलविणे कठीण. वेर्नर हुन्श्टाइन हे हायडेलबर्ग येथील रक्तविकारांचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना स्वतःलाच ए.एल. अमिलॉइडोसिस हा, मायलोमाचा सोयरा म्हणावा असा विकार झाला. त्यात रक्तपेशींनी बनविलेले सदोष प्रथिन हृदयात साचते. ते रोज दीड-दोन लिटर हिरवा चहा पिऊ लागले, आणि त्यांच्या हृदयाच्या भिंतीची वाढलेली जाडी कमी झाल्याचे त्यांनी 2007 साली ‘ब्लड’ या नियतकालिकातील पत्रात कळविले. रोगी तोच आणि तज्ज्ञही तोच! जर्मनीत या पत्राने पुष्कळ रुग्ण चहाकडे वळले. परंतु एका माणसाची हकीकत कितीही विद्वानाची असली तरी ती एकाच माणसाची असते, हे त्या प्राध्यापकांनाही ठाऊक होते. त्यांनी पत्राच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह घातले होते.

आता तिसरी साक्ष, आणि या लेखाचा सारा भार तिच्यावर आहे. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. पेशीत निरुपयोगी झालेली प्रथिने मोडणारे एक यंत्र असते, त्याला प्रोटिएसोम म्हणतात. ते बंद पाडले की पेशीत कचरा तुंबतो आणि ती मरते. मायलोमाच्या पेशी भरमसाट प्रथिने बनवीत असल्यामुळे त्या विशेष लवकर मरतात. या तत्त्वावरचे बोर्टेझोमिब हे औषध 2003 मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि मायलोमाच्या उपचारात त्याने मोठी क्रांती केली. भारतातही ते आता सर्रास वापरले जाते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी विचार केला की ईजीसीजीही कर्करोगविरोधी आणि बोर्टेझोमिबही. दोन्ही एकत्र दिली तर परिणाम दुणावेल. प्रयोग केले, आणि 2009 साली नेमका उलटा निकाल छापावा लागला. पेशींवर आणि उंदरांवर ईजीसीजीने बोर्टेझोमिबचा परिणाम जवळजवळ नाहीसा करून टाकला होता.

कारण रसायनशास्त्राचे आहे, पण समजण्यास सोपे आहे. बोर्टेझोमिबच्या रेणूत बोरॉन असलेला एक भाग असतो. त्याच हाताने ते प्रोटिएसोमला धरते. ईजीसीजीच्या रेणूतील शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट तोच हात आधी पकडतात. हात अडकला की औषध शरीरात असून नसल्यासारखे. मायलोमाचे 2015 मध्ये मान्य झालेले, तोंडाने घ्यावयाचे इक्साझोमिब हे औषधही बोरॉनच्याच जातीचे आहे. कारफिल्झोमिबमध्ये हा बोरॉनचा हात नाही, त्यामुळे हा विशिष्ट दोष त्याला लागू होत नाही.

त्या संशोधकांनी एक इशारा दिला होता, तो आम्हांला साऱ्या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटतो. बोर्टेझोमिबचे दुष्परिणाम त्रासदायक असतात: हातापायांच्या नसांत मुंग्या व वेदना, थकवा, पोटाच्या तक्रारी. चहाच्या कॅप्सूलने औषध निकामी केले तर हे दुष्परिणामही ओसरतील. रुग्णाला बरे वाटेल. तो घरात सांगेल, शेजाऱ्याला सांगेल, देवळाच्या ओट्यावर चार माणसांना सांगेल की कॅप्सूल सुरू केल्यापासून इंजेक्शनाचा त्रास गेला. तो एक शब्दही खोटा बोलत नसेल. आणि आत, मज्जेत, रोग निर्वेध वाढत असेल.

या निष्कर्षाविरुद्धही साक्ष आहे आणि ती दडविणे योग्य होणार नाही. 2011 मध्ये बोर्टेझोमिब बनविणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी उंदरांवर दाखविले की रक्तातील ईजीसीजीची पातळी माणसात सामान्यतः आढळते तेवढी असली तर औषधाला अडथळा होत नाही. ती फार उंच चढविली तरच होतो. साक्षीदार हितसंबंधी आहे हे खरे. पण न्यायालयांचा दंडक असा की केवळ हितसंबंधामुळे साक्ष टाकून देऊ नये, ती अधिक काळजीने तपासावी. तपासली असता ती आम्हांला विश्वसनीय वाटते, आणि सकाळी एक पेला हिरवा चहा घेतल्याने मायलोमाचा उपचार बुडेल अशी भीती बाळगण्याचे कारण तीवरून दिसत नाही. ती साक्ष कॅप्सूलचे संरक्षण मात्र करीत नाही. प्रश्न मुळी पातळीचाच आहे, आणि पातळी चढविण्यासाठीच कॅप्सूल जन्माला आली आहे.

पातळीचा विचार निघाला म्हणून यकृताचा विषय येथेच सांगितला पाहिजे, कारण रक्तकर्करोगाच्या रुग्णाचे यकृत आधीच अनेक औषधांचा भार वाहत असते. हिरव्या चहाच्या अर्काचे एक्सोलिस नावाचे वजन घटविण्याचे उत्पादन यकृताला इजा झाल्याच्या तक्रारींमुळे 2003 मध्ये फ्रान्स व स्पेन येथील बाजारातून काढून घ्यावे लागले. 2018 च्या युरोपीय अहवालात असे नमूद आहे की गोळ्यांतून दररोज 800 मिलिग्राम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताची एन्झाइमे वाढू शकतात. त्यानंतर 2022 च्या नियमाने युरोपीय संघाने रोजची मात्रा 800 मिलिग्रामच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. काही माणसांत ही इजा याहून कमी मात्रेतही होते; अमेरिकेतील अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे 72 टक्के लोकांत एचएलए-बी 35:01 हा विशिष्ट आनुवंशिक गुण आढळला, जो एरवी दहापैकी एखाद्यातच असतो. तो आपल्यात आहे की नाही, हे घरबसल्या कोणास कळणार?

आणखी एक बाब आपल्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाची. रिकाम्या पोटी घेतलेल्या अर्कातील ईजीसीजी रक्तात साडेतीनपटीहून अधिक चढते, असे 2005 च्या एका अभ्यासात दिसले. उपाशी ठेवलेल्या कुत्र्यांवरील प्रयोग तर इतके प्राणी दगावले की अर्ध्यावर थांबवावा लागला. युरोपीय नियमाने म्हणूनच ‘रिकाम्या पोटी घेऊ नये’ ही सूचना वेष्टनावर छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे एकादशी, संकष्टी, सोमवार पाळणाऱ्या घरांत उलट विचार होतो: औषधी पाला आहे, अन्न नव्हे, तेव्हा उपासाला चालेल, किंबहुना उपाशीपोटी अधिक लागू पडेल. अधिक लागू पडते, यात शंका नाही. कशाला, एवढाच प्रश्न आहे. शिवाय चहातील तुरट द्रव्ये शाकाहारी अन्नातील लोह शोषू देत नाहीत, आणि रक्तकर्करोगाच्या रुग्णांत रक्तक्षय नेहमीचाच.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याखाली कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे. परंतु ही कॅप्सूल औषध म्हणून विकलीच जात नाही. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनी ती पूरक आहार ठरते, आणि औषधी वापरासाठी नाही असे तिच्या डब्यावर लिहिलेले असते. अमेरिकेतही 1994 च्या कायद्याने अशा गोळ्यांना औषधांच्या पूर्वपरीक्षेतून मोकळे ठेविले आहे. विकणारा अन्न म्हणून विकतो, घेणारा औषध म्हणून घेतो. उपचार करणारा डॉक्टर ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारतो, आणि रुग्ण अगदी खरे उत्तर देतो की दुसरे काही नाही. तिघांपैकी कोणीही खोटे बोललेला नसतो, आणि धोका मात्र तिघांच्या मधून बिनबोभाट निसटतो.

हा प्रश्न निराळ्या शब्दांत विचारण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताची कर्करोगसंस्था बोर्टेझोमिब घेणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी जी पत्रिका काढते, तीत हिरवा चहा व त्यापासून बनविलेले पदार्थ उपचार चालू असेतो टाळावेत असे साध्या भाषेत लिहिले आहे. आपल्याकडे अशी पत्रिका मराठीत किंवा कोंकणीत रुग्णाच्या हाती पडेपर्यंत, घरातील ज्या कोणाकडे फाइल सांभाळण्याचे काम असेल त्याने रक्ततपासणीच्या कागदांबरोबर तो डबाही पिशवीत घालावा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावा. डब्यावरील बारीक अक्षरांतला ईजीसीजीचा आकडा ते वाचतील.